सर्वांत पातळ जागा

१९३६ च्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीला भरलं होतं. ‘गांधीवाद’ नावाची काही वस्तूच नाही, हे गांधीजींचं म्हणणं याच संमेलनातलं. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातलं सावली तेव्हा खादीचं केंद्र होतं. संमेलनातली भाषणं छापलेली आहेत, ज्याला हवी त्याने वाचावीत. या प्रकरणाला हवं आहे ते सूत.

हाताने कातलेल्या सुताची जाडी सांगायची कशी? पट्टी लावून उपयोग नाही. चिमटीत धरलं की ते दबतं, ओढलं की बारीक होतं. म्हणून सूतवाल्यांनी जाडी मोजायचा नाद सोडला आणि तराजू हातात घेतला. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतील, तो त्या सुताचा अंक. वीस अंकी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार. अंक जितका मोठा तितकं सूत बारीक. लांबी माहीत आणि वजन माहीत, मग जाडी जाते कुठे? गणिताने काढली तर वीस अंकी सुताचा व्यास ०.२ मिलिमीटरच्या आसपास येतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, त्या हिशेबाने २०० मायक्रॉन. हा आकडा लक्षात असू द्या. पुढे ज्या थरांबद्दल बोलायचं आहे ते याच मापातले आहेत, आणि नुसता मायक्रॉन म्हटलं तर डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

आणखी एक गोष्ट. अंक ही सरासरी असते. गुंडीचं वजन अगदी बरोबर भरेल, पण त्यात एक वीत दोरीसारखी जाड आणि पुढची वीत केसासारखी बारीक असू शकते. असं सूत मागावर चढलं की बारीक जागी तुटतं. त्यामुळे खादीवाले अंकाबरोबर सुताचा कस आणि सारखेपणाही तपासत. तराजूला जे दिसत नाही ते ताणून पाहावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. जमिनीखालच्या पाइपांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

सावली तालुका भाताचा. आसोलामेंढ्याचा ब्रिटिशकालीन तलाव याच तालुक्यात, आणि गोसीखुर्द धरणाचा ९९ किलोमीटरचा उजवा कालवा येऊन मिळतो तोही याच तलावाला. पावसाळ्यात रोवणी झाली की बांध्यांमध्ये आठवडेच्या आठवडे पाणी उभं. याच बांध्यांखालून, धुऱ्यांखालून, रस्त्याच्या कडेने गावाच्या नळयोजनेची वाहिनी जाते. गल्लीतला पाइप हल्ली बहुतेक प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज नाही. पण जॅकवेलपासून जलकुंभापर्यंत पाणी चढवणारी ऊर्ध्ववाहिनी अनेक ठिकाणी लोखंडी असते. दाब जास्त, वरून ट्रॅक्टर जाणार, म्हणून बिडाचा सुधारलेला प्रकार, ज्याला सगळे ‘डीआय पाइप’ म्हणतात, किंवा पोलादी पाइप टाकतात.

आता असा एक पाइप पाहा. तो डांबरी रस्त्याखालून निघाला आणि बांधीखाली गेला. रस्त्याखालची भराव माती कोरडी, मोकळी, तिच्यात हवा खेळते. बांधीखालची चिकण माती पाण्याने भरलेली, हवेला वाव नाही. पाइप एकच, पण त्याच्या एका टोकाला प्राणवायू मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. एवढ्यावर त्या पाइपाची बॅटरी होते. आणि गंमत अशी की झिजतो तो हवा न मिळणारा भाग, म्हणजे बांधीखालचा. आपल्याला वाटतं हवा लागली की लोखंड गंजतं. मोकळ्यावर ते खरं. जमिनीत मात्र हवेशीर टोक शाबूत राहतं आणि गुदमरलेलं टोक विरघळतं. किती विरघळतं, त्याचा हिशेब फॅरडेच्या नियमाने मांडता येतो: एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत जात राहिला तर सुमारे ९.१ किलो लोखंड जातं. जमिनीतला प्रवाह सहसा अँपिअरचा काही हजारावा भाग एवढाच असतो. पण तो रोवणी पाहत नाही, कापणी पाहत नाही, रात्रंदिवस चालतो.

म्हणून लेप. लोखंड आणि माती यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारं काहीतरी घालायचं. ही युक्ती जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मँचेस्टरच्या रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने बिडाचे पाइप तापवून दगडी कोळशाच्या डांबराच्या गरम मिश्रणात बुडवायची रीत काढली. हाच तो माणूस, ज्याने पुढे १८७२ मध्ये ‘आम्लपर्जन्य’ हा शब्द रूढ केला. अँगस स्मिथचं द्रावण हे नाव आपल्याकडच्या बांधकाम खात्यांच्या जुन्या तपशीलपत्रकांत कितीतरी काळ टिकून राहिलं.

आजच्या डीआय पाइपावर आधी वितळलेल्या जस्ताचा फवारा आणि त्यावर बिटुमेनचा काळा रंग. तेल, वायू किंवा पाण्यात कालवलेलं खनिज नेणाऱ्या पोलादी वाहिन्यांवर जगभर बहुधा तीन थर असतात: खाली इपॉक्सीची भाजलेली भुकटी, मध्ये चिकटवणारा थर आणि वर पॉलिइथिलिन, मिळून दोन ते साडेतीन मिलिमीटर. सावलीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे २०२५ च्या जुलैमध्ये एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. लोहखनिज दळून पाण्यात कालवायचं आणि पाइपातून ढकलायचं. अशा वाहिनीला दोन शत्रू असतात, आतून घासणारं खनिज आणि बाहेरून माती. आतली झीज अल्ट्रासाउंडने मोजतात, तो वेगळा विषय. आपण बाहेरच्या बाजूला थांबू.

डीआय पाइपावरचं जस्त कसं मोजतात ते पाहिलं की सावलीचं सूत आठवतं. पाइपाच्या अंगाला, लांबीच्या दिशेने, धातूची एक पट्टी बांधतात. तिचं वजन आधी केलेलं असतं. पाइप फवाऱ्याखालून जातो, तशी पट्टीही जाते. मग ती सोडून पुन्हा तराजूत टाकायची. जेवढं वजन वाढलं तेवढं जस्त बसलं. आपल्याकडच्या आयएस ८३२९ या मानकाने घातलेली अट चौरस मीटरला किमान १३० ग्रॅम. मायक्रॉनचं नावच नाही! पण एक मायक्रॉन जाडीचं जस्त चौरस मीटरवर सव्वासात ग्रॅमच्या जरा कमी भरतं, त्यामुळे १३० ग्रॅम म्हणजे साधारण १८ मायक्रॉन. वीस अंकी सुताच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वरच्या काळ्या थराची सरासरी जाडी किमान ७० मायक्रॉन हवी, आणि कुठल्याही एका जागी ५० च्या खाली जायला नको. या वाक्याचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

पट्टीचा तराजू कारखान्यात चालतो. शेतात, चराच्या काठावर, लेप न खरवडता त्याची जाडी कशी कळणार? याचं उत्तर तुमच्या घरात आहे. फ्रिजवर लावायचं एखादं चुंबक घ्या आणि लोखंडी कपाटाच्या दारावर लावा. (स्टीलच्या डब्यावर प्रयोग करू नका, त्यातलं बरंचसं स्टील चुंबकाला दाद देत नाही.) आता चुंबक आणि दार यांच्यामध्ये झेरॉक्सचा एक कागद सरकवा. मग दुसरा, तिसरा. ५०० कागदांचं रीम साधारण पाच सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे एक कागद शंभर मायक्रॉनचा, आपल्या सुताच्या निम्मा. कागद वाढत गेले तशी पकड सैल होत जाईल आणि एका कागदाला चुंबक घसरून खाली येईल. कुणाकडे पाच कागदांत, कुणाकडे वीस. चुंबक काढायला किती जोर लागतो ते मोजलंत, तर कागद न मोजता त्यांची जाडी सांगता येईल.

लेप मोजण्याचं सगळ्यात साधं उपकरण एवढंच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या अ‍ॅबनर ब्रेनर यांनी १९३० च्या दशकात स्प्रिंगला चुंबक बांधून ते बेतलं. स्प्रिंग ताणत जायची, चुंबक सुटलं त्या क्षणी काटा वाचायचा. आजच्या खिशात मावणाऱ्या यंत्रात चुंबक ओढायची गरज नाही. टोकाला तारेची गुंडाळी असते. लोखंड जवळ असेल तर तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र दाट होतं, लांब असेल तर विरळ. यंत्र त्यावरून अंतर ठरवतं आणि आकडा दाखवतं. मँचेस्टरच्याच एका कंपनीचं नाव या यंत्राला असं चिकटलंय की कुठल्याही कंपनीचं असो, साइटवर लोक त्याला ‘एल्कोमीटर’ म्हणतात, जसं आपण कुठल्याही नकलेला झेरॉक्स म्हणतो. नाहीतर सरळ ‘डीएफटी मीटर’. सुकलेल्या थराच्या जाडीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं.

पण यंत्र लेप पाहत नाही, ही खूणगाठ बांधून ठेवायला हवी. ते पाहतं लोखंडाचं अंतर. मध्ये जस्त आहे, रंग आहे, की सकाळचा चिखल वाळून बसलाय, त्याला सगळं सारखंच. डीआय पाइपावर ९० आकडा आला तर त्यात १८ च्या आसपास जस्ताचे असतात आणि ते वजा केल्याशिवाय काळ्या रंगाचं खरं माप निघत नाही. पाइप ओला असेल, त्यावर धूळ असेल, तर ठेकेदाराला फुकटात वीस-तीस मायक्रॉन मिळतात. माझ्या मते मोजण्याच्या दिवशी सर्वांत महत्त्वाचं अवजार म्हणजे कोरडं फडकं.

गोलाईचाही घोळ आहे. सपाट पत्र्यावर शून्य लावलेलं यंत्र बारीक पाइपावर ठेवलं की टोकाच्या दोन्ही बाजूंना लोखंड खाली वळलेलं असतं. यंत्राला लोखंड कमी दिसतं, म्हणून लेप आहे त्यापेक्षा जाड वाटतो. उपाय सोपा: त्याच व्यासाचा, लेप नसलेला तुकडा जवळ ठेवायचा, त्यावर शून्य लावायचं, मग माहीत असलेल्या जाडीची प्लॅस्टिकची पट्टी ठेवून आकडा पडताळायचा. पोलादी पाइपाला लेपापूर्वी कडक कणांचा मारा करून ‘एसए अडीच’ या दर्जाइतका साफ करतात. त्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत होतो, पन्नास-पाऊणशे मायक्रॉनच्या टेकड्या आणि दऱ्या तयार होतात. दऱ्या भरायलाच बराचसा रंग जातो, टेकडीवर मात्र थर पातळ राहतो. म्हणून शून्य गुळगुळीत पत्र्यावर लावलं की खरखरीतपणाही रंगाच्या खात्यात जमा होतो.

आता सरासरी. समजा, करारात ३०० मायक्रॉनचा लेप लिहिला आहे. पाच जागी मोजलं: ४२०, ३९०, ४१०, १३०, १५०. बेरीज पंधराशे, सरासरी बरोब्बर ३००. कागदावर पाइप पास. पण हे आकडे कुठले? साइटवर पाइपाच्या अंगावरची जागा घड्याळाने सांगतात. डोक्यावर बारा, उजव्या कुशीला तीन, पोटाखाली सहा. जमिनीवर, लाकडी ओंडक्यांवर ठेवून रंगवलेल्या पाइपात बाराला रंग उदंड बसतो आणि सहाला ब्रश कसाबसा पोचतो. १३० आणि १५० हे बहुधा पाच आणि सातच्या दरम्यानचे. आणि चरात पाइप टेकतो, पाण्यात भिजतो, हवेला पारखा होतो तो नेमका सहाच्याच बाजूला. जाडी जिथे हवी तिथे नाही, जिथे नको तिथे भरपूर.

हे ओळखूनच पोलादावरच्या रंगकामासाठी जगभर वापरला जाणारा, एसएसपीसी या अमेरिकी संस्थेने घालून दिलेला नियम सांगतो: दर दहा चौरस मीटरला पाच जागा घ्या, प्रत्येक जागी तीनदा मोजून त्याची सरासरी काढा, सगळ्यांची मिळून सरासरी भरली पाहिजे, आणि कुठलीही एक जागा ठरलेल्या जाडीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. वरच्या उदाहरणात ती हद्द २४० येते. पाच जागांपैकी दोन नापास. बिटुमेनच्या बाबतीत सत्तरबरोबर पन्नासची अट आहे ती याचसाठी.

खरे आकडे नेहमी विखुरलेले असतात. हाताने मारलेल्या रंगात ३१२ च्या शेजारी २८४ येतो, मग ३४०. तपासणीच्या तक्त्यात ओळीने ३००, ३०२, ३०१, ३०० दिसले तर ते आकडे पाइपावर नव्हे, टेबलावर घेतलेले असतात. असा तक्ता हातात आला की मी पुढचं पान उलटतही नाही.

जाडी जास्त झाली तर काय बिघडलं, असंही कुणी विचारेल. अंगण सारवणाऱ्या बाईला विचारा. शेणाचा हात पातळ फिरला तर सारवण वाळून घट्ट बसतं. जाड थापलं तर वाळताना भेगा पडतात आणि पोपडा उचलून येतो. रंगाचंही तसंच. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला द्रावक कोंडून राहतो, मग फोड येतात, तडे जातात. म्हणून चांगला रंगारी एका हातात जाडी गाठायला जात नाही. तो ओल्या रंगातच दातेरी पट्टी टेकवून पाहतो. कुठल्या दाताला रंग लागला यावरून ओला थर कळतो. रंगाच्या डब्यावर घन भाग ६० टक्के लिहिला असेल तर २०० मायक्रॉनचा ओला थर वाळून १२० राहणार, हे त्याला तोंडपाठ असतं.

एवढं करूनही एक मोठी अडचण उरते. यंत्राचं टोक एका वेळी जेमतेम एक चौरस सेंटीमीटर पाहतं. दहा चौरस मीटर म्हणजे एक लाख चौरस सेंटीमीटर. पाच जागी तीनदा, म्हणजे पंधरा. राहिलेले ९९,९८५ कुणी पाहिलेच नाहीत. त्यात टाचणीएवढं भोक असेल तर? अशा भोकाचं नुकसान कधीकधी लेप नसलेल्या पाइपापेक्षा लवकर दिसतं, कारण सगळी झीज त्या एका टाचणीएवढ्या जागेवर जमते आणि पाइपाला आरपार छिद्र पडतं.

इथे खादीवाल्यांच्या ताणून पाहण्याची वेळ येते, फक्त ताण विजेचा. पाइपाभोवती पितळी तारांचा ब्रश किंवा स्प्रिंगचं कडं फिरवतात आणि त्यात काही हजार व्होल्ट सोडतात. पाइपाला दुसरी तार. लेप अखंड असेल तर काही होत नाही. भोक असेल तर त्यात फक्त हवा असते, आणि हवा मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्टला हार मानते. ठिणगी उडते, यंत्र ओरडतं, तिथे खडूने गोल करायचा. तीन-थरी पॉलिइथिलिनवर २५ हजार व्होल्टपर्यंत लावतात. ३०० मायक्रॉनच्या इपॉक्सीला दीड-दोन हजार पुरे. त्यावर २५ हजार लावले तर तपासणीच भोकं पाडेल. म्हणजे ठिणगीचा दाब ठरवायलाही आधी जाडी माहीत हवी.

या तपासणीला साइटवर ‘हॉलिडे टेस्ट’ म्हणतात. सुट्टीचा इथे काय संबंध? अठराव्या शतकातल्या इंग्रज खलाशांची ती थट्टा. जहाजाच्या तळाला डांबर फासताना जी जागा राहून जाई तिला ते ‘हॉलिडे’ म्हणत, जणू तेवढ्या जागेपुरती त्या गड्याने सुट्टी घेतली होती. शब्द जहाजावरून पाइपावर आला आणि आता नागपूर-चंद्रपूरकडचे वेल्डर, हेल्पर तो सहज वापरतात: ‘जॉइंटला दोन हॉलिडे निघाले.’

जॉइंट हा शब्द त्या वाक्यात उगीच आलेला नाही. पोलादी पाइप कारखान्यातून निघतो तेव्हा वेल्डिंगसाठी दोन्ही टोकं उघडी ठेवलेली असतात. मधला भाग कारखान्यात, छपराखाली, यंत्राने लेपलेला. टोकांवरचा लेप मात्र चरात बसून, उन्हापावसात, गॅसच्या ज्योतीने आक्रसणारी बाही चढवून करायचा असतो. बारा मीटरच्या पाइपावर कारखान्याचं लक्ष आणि हातभर जॉइंटवर एका थकलेल्या माणसाचं. डीआय पाइपात वेल्डिंग नसतं, रबराची कडी असते. तिथे धोका वेगळा, पाइप ट्रकमधून उतरवताना साखळीने पडलेले ओरखडे. त्यांवर रंगाचा हात मारून झाला आहे का, हे डोळ्यांनीही दिसतं.

तुमच्या गावात नळयोजनेचं काम सुरू असेल आणि तुम्ही ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत असाल, किंवा नसालही, तर पाइप उतरेल त्या दिवशी चराशी जा. अभियंत्याला यंत्र मागा. तुमच्यासमोर फडक्याने पाइप पुसायला लावा, उघड्या तुकड्यावर शून्य लावायला सांगा आणि मग सहाच्या जागी आणि जॉइंटपाशी मोजायला सांगा. आलेले आकडे तिथल्या तिथे वहीत उतरवा, खाली तारीख घाला. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते जेसीबी माती लोटायला यायच्या आधीच करता येतं.